क्लचच्या बाजूचं ऑइल

वरसे, ता. रोहा
१२ फेब्रुवारी १९९१

तीर्थस्वरूप दादास,

मालूचा वाकून नमस्कार. तुझं पत्र शनिवारी पोचलं. पोस्टमनने ते सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी अक्षर ओळखलं असणार. मी तांदूळ निवडत होते त्या सुपात ते टाकलं आणि आत गेल्या. मी सगळे तांदूळ निवडून झाल्यावरच फोडलं.

इकडे तब्येती ठीक आहेत. यांची शिफ्ट पुन्हा बदलली, या आठवड्यात दुपारची आहे. वाल यंदा बरे आलेत. गेल्या वर्षी ज्यांनी पेरले ते मामंजी यंदा नाहीत, पण शेताला ते काही कळत नाही. घरात सुतक फिटून किती महिने झाले तरी यंदा मडक्यात वालाच्या शेंगा भाजायची पोपटी कोणी लावली नाही. शेजारच्या शेतात मडकं उतरवल्याचा वास आला, तेव्हा सासूबाईंनी उठून खिडकी लावून घेतली. दिवस असे जातात.

विमलवहिनीचे गुडघे कसे आहेत? जित्याहून पेणला रोज ट्रेनने जातेस का अजून भाजी घेऊन, असं विचार तिला माझ्यातर्फे. तिला म्हणावं, गाडी गाठायला धावू नको.

तू गॅरेज बंद केलंस हे मला तुझ्याकडून नाही, बाजारात कळलं. पेणचा एक माणूस इथे मूर्तींची ऑर्डर घ्यायला आला होता. तो सांगत होता की महिपती मिस्त्री आता गणपतीच्या कारखान्यात शाडू मळतो. लोक हसले. मी पिशवी उचलून निघाले. दादा, आपल्या अप्पांनी ते गॅरेज पेणच्या नाक्यावर टाकलं तेव्हा तिथे नुसतं एक पत्र्याचं छप्पर होतं. तू त्याच्या शटरला कुलूप लावलंस, आणि मला लिहितोस की हाताची आता खात्री वाटत नाही.

तुझ्या पत्रातलं बाकीचं मी नंतर लिहिते.

तुला आठवतं का, शाळेला सुट्टी असली की तू मला गॅरेजात बसवायचास. डोळ्यांवर फडकं बांधून नाकाखाली एकेक डबा धरायचास. इंजिनचं चाळीस नंबर, ते मला गरम तव्यासारखं लागायचं. क्लचच्या बाजूचं पातळ ऑइल, त्याला जवळजवळ वासच नाही. आणि गिअरबॉक्सचं नव्वद नंबर. ते नाकाशी आलं की मी तोंड फिरवायचे. विझलेल्या फटाक्याचा वास, त्यात अंडं नासल्यासारखं काहीतरी. तू म्हणायचास, "बुलेटला तीन पोटं असतात. एकाचं जेवण दुसऱ्याला घातलंस तर ती सांगत नाय, रस्त्यात दाखवते." मला वाटायचं तू उगाच मोठेपणा करतोस. एका गाडीला एक तेल पुरत नाही, ही मला तेव्हा चैन वाटायची.

लग्न ठरलं तेव्हा यांच्याकडे बुलेट आहे म्हणून तूच खूश झाला होतास. इथल्या लोकांना पेणचा मेव्हणा म्हणजे फुकटचा मिस्त्री, अशी थट्टा होती. मामंजी तर चारचौघांत म्हणायचे, "सून आणली आन् गॅरेज मोफत मिळालं." तुला ते आवडायचं, मला ठाऊक आहे.

आता लिहायला हवं ते लिहिते.

गेल्या वर्षी शिमग्याच्या आधी तू ती गाडी उघडलीस. हे ती घरी घेऊन आले तेव्हा गाडी चांगली होती. एवढंच होतं की क्लचच्या कव्हरमधून टिपूस पडायचा. तू यांना सांगितलं होतंस की कव्हरचं रबर दबलंय, नवं मुंबईहून मागवतो, तोवर खाली पत्रा ठेवा. यांनी पत्रा ठेवला नाही. तुला ठाऊक आहे, गाडी उभी असते अंगणात, आणि त्या दिवसांत अंगणात वाल पसरलेले असतात. सारवलेल्या जमिनीवर तेल पडलं तर ते पसरत जातं. मामंजींनी बियाण्याचे वाल वेगळे काढून पसरले होते, नेमके तिकडे.

मामंजी ओंजळीत वाल घेऊन आले आणि यांच्या नाकाला लावले. "हे पेरू? का यातनं तुझी बुलेट उगवंल?" हे हसले. मामंजी हसले नाहीत. ते म्हणाले, संध्याकाळच्या आत हे गळणं थांबलं नाही तर गाडी नदीत ढकलीन. मी चुलीपुढे होते, मला सगळं ऐकू येत होतं.

संध्याकाळी गळणं थांबलं.

त्यानंतर शिमगा झाला. पुढच्या दिवसांत मामंजींच्या छातीत दुखलं. रोह्याच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं आणि ताबडतोब पेणला न्या म्हणून सांगितलं. जीपवाला सणाला गावी गेलेला. यांनी गाडी काढली, मधे मामंजी, त्यांना उपरण्याने यांच्या कमरेशी बांधलं, मागे शेजारचा विठू धरायला. भिसे खिंडीच्या चढाला गाडी नुसती ओरडत राहिली, चाक फिरेना. उतरून ढकलली. मग ट्रक आला तोवर व्हायचं ते झालं. डॉक्टर म्हणाला की पेणला पोचले असते तरी सांगता आलं नसतं. ते कोणी ऐकलं नाही. विठूने रस्त्यावरच यांना विचारलं होतं, "परवाच तर पेणवरनं दुरुस्त करून आणलीस ना रं?" आणि हे गप्प राहिले. तेवढंच घडलं. त्या गप्प राहण्यातून गावाने जे काढायचं ते काढलं.

भाऊबीजेला तू इथे एसटीतून उतरलास, नाक्यावरच्या पिंपळाखाली उभा राहिलास आणि तिथूनच परत गेलास. मला ते नंतर कळलं. मी ओवाळणीचं ताट लावून ठेवलं होतं.

तू लिहितोस की वर्षश्राद्धाला येतो, सासूबाईंचे पाय सगळ्यांदेखत धरतो आणि सांगतो की ऑइल माझ्या हातून चुकलं. सणाच्या गर्दीत दोन गाड्या एकाच वेळी उघड्या होत्या, कोणता डबा कशात ओतला ते आता आठवत नाही, म्हणून चूक माझीच असणार, असं तू लिहिलं आहेस.

येऊ नकोस. आधी मला एका गोष्टीचं उत्तर दे. मी अप्पांची मुलगी आहे, मला अर्धं ठाऊक आहे, पण तुझ्या हातचं लिहिलेलं हवं. कोणी टिपूस थांबवायला म्हणून क्लचच्या बाजूचं पातळ ऑइल काढून तिथे नव्वद नंबर ओतलं, तर काय होतं?

गाडी त्या दिवसापासून पडवीत आहे, ताडपत्रीखाली. कोणी उघडली नाही. हे सुट्टीच्या दिवशी तिचं हँडल पुसतात, टाकी पुसतात. किक मारत नाहीत.

तुझी
मालू


जिते
१८ फेब्रुवारी

चि. सौ. मालूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहिनीचे गुडघे तसेच आहेत. धावू नको म्हटलं तर म्हणते, गाडी माझ्यासाठी थांबणार हाय का.

तू विचारलंस त्याचं उत्तर लिहितो. नव्वद नंबर जाड असतं, म्हणून दबल्या रबरातून लवकर गळत नाही. पुष्कळ लोक असं करतात. आपल्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्यांत मी ते काढून टाकलं आहे. पण त्या ऑइलात गिअरचे दात एकमेकांवर झिजू नयेत म्हणून लोखंड निसरडं ठेवणारं औषध असतं. गिअरला ते हवं. क्लचच्या प्लेटा मात्र एकमेकींना घट्ट धरण्यासाठीच असतात. त्यांना ते लागलं की त्या घसरतात. एकटा माणूस सपाटीला गेला तर त्याला कळणारही नाही. गिअर टाकताना थोडा खटका येईल एवढंच. ओझं असलं, चढ असला, आत ऑइल तापलं, की इंजिन बोंबलतं आणि चाकाला काही पोचत नाही. खिंडीत जे झालं ते हेच.

मालू, तू कोणाच्या हाताबद्दल विचारते आहेस ते मला तो प्रश्न वाचताच कळलं. पत्र वाचून मी शटर उघडलं. वर्षाने उघडलं. फळीवर पातळ ऑइलचा डबा होता, बोट बुडवून पाहिलं आणि ती संध्याकाळ आठवली. डबा तुझ्या नवऱ्याने धरला होता, मी कव्हर आवळत होतो. ते म्हणाले, हे तर पाण्यासारखं आहे, एवढंसं काय काम करणार. मी म्हटलं, याला पाण्यासारखंच लागतं. तेव्हा डबा बदललेला नव्हता. वर्षभर मी रात्रंदिवस तेच एक हुडकत होतो.

आता तू जे करायला बघते आहेस ते करू नकोस. मला कळलं, तेवढं मला पुरतं. त्या घरात तुला राहायचं आहे. कमळाकररावांना त्यांच्या आईसमोर आणि गावासमोर उभं करून तुला काय मिळेल? एक माणूस वाईट ठरलेलाच आहे. तो तसाच राहू दे. मी ठरल्याप्रमाणे येईन, पाय धरीन, म्हणायचं ते म्हणीन. मग कदाचित तुला माहेरी यायला मोकळीक देतील. वहिनी पण तेच म्हणते.

कमळाकररावांना गाडी चालू करू देऊ नकोस. आतलं ऑइल काढून प्लेटा धुवायला लागतील.

महिपती


वरसे
४ मार्च

दादा,

हे पत्र विठूच्या हाती देते आहे. तो दुपारच्या गाडीने निघेल आणि जित्याला उतरून थेट तुझ्या दारात येईल. तोच त्या दिवशी मामंजींच्या मागे बसला होता. त्याला पाणी दे आणि तो बोलेल ते ऐकून घे. तो बोलला नाही तरी त्याला बसू दे.

उद्या वर्षश्राद्ध. तू निघण्याआधी हे तुला मिळायला हवं.

काल अंगण सारवायला काढलं. पंगत पडवीत बसायची म्हणून गाडी बाहेर काढायला हवी होती. यांनी आणि विठूने ताडपत्री ओढली. टायर बसलेले, दोघांनी रेटतच अंगणाच्या कडेला आणली. मी आणि सासूबाई शेणात हात घालून बसलो होतो. विठूने जशी तो नेहमी करतो तशी थट्टा केली. "काय रं कमळ्या, मेव्हण्याचं ऑइल आजून पोटात हाय का हिच्या? का तिनं पचवलं?" सासूबाईंनी मान वर केली आणि म्हणाल्या की उद्याचा दिवस झाला की ही त्या पेणवाल्याच्या दारात नेऊन टाका, त्यालाच जाळू दे.

तुझं पत्र माझ्या ब्लाउजात होतं. एक माणूस वाईट ठरलेलाच आहे, ते वाक्य मला पाठ झालं होतं. मी दहा वेळा ठरवलं होतं की तू सांगतोस तसंच करायचं. उद्या तू येशील, या अंगणात वाकशील, आणि मी आत भाताकडे बघत राहीन. ते मला दिसत होतं. आणि मग पुढची सगळी वर्षं मी ते पाहिलेलं डोक्यात घेऊन यांना ताट वाढीन, तेही दिसत होतं.

मी हात धुतले. परात आणली. गाडीच्या पेटीतून पाना घेतला. डावं पायदान आधी काढावं लागतं, तू एकदा दाखवलं होतंस. हे समोर उभे होते. मी काय करते आहे ते यांना पायदान निघाल्यावर कळलं. तेव्हा यांनी मला अडवलं असतं तर मी थांबले असते की नाही, सांगता येत नाही. अडवलं नाही. नट गंजला होता, दोन्ही हातांनी ओढला. कव्हर सुटलं आणि ऑइल परातीत उतरायला लागलं. पातळ ऑइल असतं तर एका दमात रिकामं झालं असतं. हे काकवीसारखं लोंबत राहिलं.

वास अंगणभर झाला. वर्षभराने तोच वास.

मी परात विठूपुढे नेली. त्याने बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि मला वाटतं त्याला सगळं तिथेच समजलं. तो यांच्याकडे वळला. "कमळ्या, हे माझ्या ट्रॅक्टरचं हाय. तू बाटलीभर मागून नेलंवतंस. विहिरीच्या रहाटाला लावायचं बोल्लावतास."

हे खाली बसले. सारवलेल्या ओल्या जमिनीवरच बसले.

"आबा बोल्ले, गळती थांबव. मी थांबवली," असं म्हणाले.

शेजारच्या घरात कोणीतरी वाल झोडत होतं, तेवढा आवाज. मला वाटलं होतं सासूबाई यांच्यावर धावून जातील. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"तुला ठावं व्हतं गो?"

मी व्हय म्हटलं.

"कधीपास्नं?"

"गळती थांबली त्याच्या दुसऱ्या दिसापास्नं. ह्यांच्या लुंगीला वास होता. मीच धुतली."

"मंग वरीसभर माझ्या शिव्या कशाला ऐकल्यास? तुझ्या भावाच्या नावानं मी रोज बोटं मोडली, तू ऐकत व्हतीस."

मला वाटत होतं की हे स्वतः सांगतील. आज सांगतील, दिवाळीला सांगतील, शेवटी गाडीचं हँडल पुसता पुसता एक दिवस सांगतील. मी त्यांची वाट बघत होते आणि ते माझी. तिकडे तू शाडू मळत होतास.

सासूबाई पुन्हा शेणात हात घालून सारवायला लागल्या. हे बसले होते तेवढी जागा सोडून त्यांनी सगळं अंगण सारवलं.

विठू रात्री परत आला. सासूबाईंच्या पायाशी बसून रडला. खिंडीत तू गाडी दुरुस्त केल्याचा विषय त्यानेच काढला होता, हे तो विसरलेला नाही. उद्या श्राद्धाला येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगणार आहे. त्याला थांबवू नका, असं हेच आम्हाला म्हणाले.

पण हे कालपासून जेवलेले नाहीत. कंपनीत गेले नाहीत. आज सकाळी भटजी सामान सांगायला आले, तेव्हा हे म्हणाले की मी पिंड देणार नाही, ज्या हाताने हे झालं त्या हाताने कसा देऊ, दुसऱ्या कोणाला तरी बसवा. भटजी माझ्याकडे बघायला लागले. सासूबाई माजघरातून म्हणाल्या, "दुसरा हात कुठं हाय घरात? एकच तर पदरात पडला." एवढं बोलून त्या दर्भ शोधायला गेल्या.

त्या माझ्या हातचं पाणीही घेत नाहीत. खरं बोलले म्हणून की उशिरा बोलले म्हणून, ते मी विचारलेलं नाही. हे माझ्याशी एकच वाक्य बोलले. "तुझ्या दादाला म्हणावं, येताना रबर आण." आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. दादा, मला वाटलं होतं की खरं बाहेर आलं की घरातलं काहीतरी हलकं होईल. तसं काही झालेलं नाही. आधी या घरात एक माणूस गेलेला होता, आता त्याचा मुलगाही गेल्यासारखा दिसतो आहे, आणि तो मी घालवला.

तरी तू माझ्यासाठी वाकायचं नाहीस. माफी मागायला येऊ नकोस, मागण्यासारखं तुझ्याकडे काही उरलेलं नाही. यायचं असलं तर मेव्हणा म्हणून ये आणि पंगतीला बस. कोणी वाढलं नाही तर मी वाढीन. नाही आलास तर शटर मात्र उघडं ठेव. विठूला मी सांगितलं आहे की ते उघडं आहे की नाही ते बघूनच परत ये.

गाडी अंगणातच आहे. कव्हर काढलेलं, प्लेटा उघड्या, खाली परात. मी त्यात काही ओतलेलं नाही. काय ओतायचं ते मला ठाऊक आहे, पण ते तुझ्या हातचं असावं असं वाटतं. पातळ ऑइलचा तोच डबा आण, ज्यात तू बोट बुडवलंस.

वहिनीला नमस्कार सांग. उत्तर द्यायचं झालं तर पत्ता हाच घाल. अजून तरी हाच आहे.

तुझी
मालू